हशा आणि श्रेयनामावली : मराठी पडद्यावरील विनोदी लेखकाचा पेशा

मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत लेखनाचे काम कथा, पटकथा आणि संवाद अशा तीन शब्दांत वाटलेले दिसते. कथा म्हणजे घटनांची मूळ साखळी. पटकथा म्हणजे ती साखळी दृश्यांमध्ये तोडून, कोणते दृश्य आधी, कोणते नंतर आणि ते कोठे थांबवायचे हे ठरवणारा आराखडा. आणि संवाद म्हणजे त्या दृश्यांत पात्रांच्या तोंडी येणारे प्रत्यक्ष शब्द. गंभीर चित्रपटात ही तीन कामे तीन माणसांकडे गेली तरी फारसे बिघडत नाही, परंतु विनोदी चित्रपटात हशा नेमका कोणत्या थरात दडलेला आहे हे सांगणे अवघड असते, कारण दृश्य एका क्षणाने लांबले तर चांगले वाक्य पडते आणि प्रसंगाची बांधणी पक्की असेल तर अगदी साध्या वाक्यालाही टाळी मिळते. प्रेक्षक मात्र हे सारे श्रेय ज्याच्या तोंडून वाक्य ऐकले त्या नटाला देऊन मोकळा होतो. मराठीतील विनोदी पटकथालेखनाच्या व्यवसायाचा इतिहास पाहताना ही एक गोष्ट सतत आड येते: हा लेखक बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी पेशातून आला, त्याची चूल बराच काळ त्या दुसऱ्या पेशावरच पेटत राहिली, आणि त्याने लिहिलेला शब्द नटाच्या चेहऱ्यात इतका विरघळला की तो कोणी तरी लिहिला होता हेच लोक विसरले.

या विसराळूपणाचे मूळ पडद्याच्याही आधीचे, तमाशाच्या रचनेत आहे. तमाशात गण आणि गौळण झाल्यावर मुख्य कथानाट्य, म्हणजे वग, सुरू होण्यापूर्वी बतावणी नावाचा गद्य विनोदी भाग रंगत असे. सोंगाड्या, म्हणजे तमाशातील विनोदी नट, आणि त्याचा जोडीदार यांच्यातील ही सवाल-जबाबवजा शाब्दिक झटापट बहुतांशी अलिखित असे. गावातील पाटील, सावकार किंवा समोर बसलेला एखादा प्रेक्षक यांना धरून ती रोज नव्याने रचली जाई आणि तिचा कर्ता म्हणून सोंगाड्याखेरीज दुसऱ्या कोणाचा विचार करण्याचे कारणच नसे. शाहिराचे नाव लावणीच्या शेवटच्या ओळीत कायमचे गुंफलेले राही, पण बतावणीवर कोणाचीच नाममुद्रा नव्हती. पद्याला कर्ता असतो आणि गद्य विनोद आपोआप उगवतो, ही समजूत येथे तयार झाली आणि पुढे बोलपटाच्या काळातही ती पुरती गेली नाही. गौळणीतील मावशी, म्हणजे पदर घेऊन लुगड्यात वावरणारा पुरुष नट, हाही याच परंपरेचा वारसा असून तो पुढे रंगभूमीवर आणि पडद्यावर वेगवेगळ्या वेशांत परत परत भेटतो.

दुसरी वाट नागर रंगभूमीची होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नाटक मंडळ्या पौराणिक आख्यानानंतर फार्स करू लागल्या. फार्स हा शब्द इंग्रजीतून आला असला तरी त्या काळी त्याचा अर्थ बराच सैल होता आणि लिहून पाठ केलेल्या लहानशा गद्य खेळाला, तो विनोदी नसला तरीही, फार्स म्हटले जाई. गोविंद बल्लाळ देवल यांनी 'फाल्गुनराव' हे नाटक लिहिले आणि त्याचेच पुढे 'संशयकल्लोळ' झाले. त्याचे मूळ आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराकडे आणि त्याच्याही मागे मोलिएरकडे जाते, तरी फाल्गुनराव आणि कृत्तिका हे जोडपे परके आहे अशी शंका एकाही मराठी प्रेक्षकाला आली नसावी. या कामाला रूपांतर म्हणतात. भाषांतरात शब्द बदलतात. रूपांतरात माणसे, घरे, नाती आणि जेवणाची ताटेसुद्धा बदलावी लागतात. मराठी विनोदी लेखकाची शाळा कोणती, असे विचारले तर उत्तर रूपांतर हेच द्यावे लागेल, आणि ही शाळा शंभर वर्षांनंतरही बंद पडलेली नव्हती, हे पुढे दिसेलच.

मूकपटाच्या काळात संवादलेखकाला काम असण्याचे कारण नव्हते. १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपट सुरू झाला, तेव्हा पडद्याला अचानक बोलणारी माणसे हवी झाली आणि ती पुरवण्याची क्षमता नाटककारांकडेच होती. सुरुवातीचे बोलपट पौराणिक आणि संतचरित्रपर असल्यामुळे विनोदाला त्यांत उपकथानकापुरती जागा मिळे. 'संत तुकाराम' (१९३६) मधील सालोमालो हा ढोंगी प्रतिस्पर्धी हसवतो खरा, पण तो मुख्य कथेचा पाहुणा आहे. संपूर्ण चित्रपट विनोदाच्या खांद्यावर उभा करण्याचे धाडस कोल्हापुरात १९३६ साली स्थापन झालेल्या हंस पिक्चर्सने केले. मास्टर विनायक, बाबुराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्या या संस्थेने सुरुवातीला वि. स. खांडेकर यांच्याकडून गंभीर सामाजिक कथा घेतली आणि लवकरच प्र. के. अत्रे यांना पाचारण केले. दोन अगदी निराळ्या प्रकृतींचे लेखक एकाच संस्थेत नांदले, ही गोष्ट त्या संस्थेच्या दृष्टीविषयी बरेच काही सांगते.

अत्रे पडद्याकडे वळले तेव्हा ते नवखे नव्हते. पुण्यात शाळेचे मुख्याध्यापक, लंडनहून अध्यापनाची पदविका घेऊन आलेले शिक्षणतज्ज्ञ, 'झेंडूची फुले' या विडंबन-कवितांच्या संग्रहाचे कवी आणि 'साष्टांग नमस्कार' (१९३३) पासून एकामागून एक यशस्वी नाटके देणारे नाटककार अशी त्यांची ओळख होती. १९३७ मध्ये 'धर्मवीर' आणि 'प्रेमवीर', १९३८ मध्ये 'ब्रह्मचारी' आणि १९३९ मध्ये 'ब्रँडीची बाटली' असे चित्रपट त्यांनी हंससाठी लिहिले. यांपैकी 'ब्रह्मचारी'ची चर्चा आजही प्रामुख्याने मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोशाखामुळे होते, आणि हा अन्यायच म्हटला पाहिजे, कारण त्या चित्रपटाची पटकथा ही विनोदाच्या बांधणीचा उत्तम नमुना आहे. व्याख्यान ऐकून भारावलेला एक सामान्य तरुण ब्रह्मचर्याची शपथ घेतो, खोलीतील नट्यांची चित्रे काढून टाकतो, व्यायाम सुरू करतो आणि मग परिस्थिती त्याची ती शपथ पावलोपावली तपासत राहते. नायकाच्या पहिल्याच निर्णयातून पुढचे सारे प्रसंग ओघाने निघतात, आणि हास्यासाठी वेगळे पात्र बाहेरून आणावे लागत नाही. नायक स्वतःच हास्यविषय होतो. उपकथानकात राहणारा विनोद मुख्य घरात आला तो येथे. शिवाय हंसचे हे चित्रपट मराठीबरोबर हिंदीतही निघत असल्यामुळे केवळ शब्दांच्या कोटीवर भिस्त ठेवून भागत नसे. कोटी दुसऱ्या भाषेत जात नाही, प्रसंग जातो. अत्र्यांसारख्या कोटीबाज लेखकाकडून प्रसंगनिष्ठ विनोद लिहून घेण्यात या व्यापारी गरजेचा वाटा असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

'ब्रँडीची बाटली'मध्ये तर एका ओळीत सांगता येईल एवढीच कल्पना आहे: नगरपालिकेतील बगाराम नावाच्या भोळ्या कारकुनाला ब्रँडीची बाटली आणायला सांगितले जाते आणि ती वस्तू काय असते, कोठे मिळते, हेच त्याला ठाऊक नसते. मुंबई प्रांतात दारूबंदीचे वारे वाहत होते त्याच वर्षी हा चित्रपट आला, म्हणजे वर्तमानपत्रातील विषय पडद्यावर ताबडतोब आणण्याची बतावणीची सवय येथे लिखित पटकथेत उतरली. बगाराम झालेले दामुअण्णा मालवणकर यांनी ही भूमिका अशी केली की लोकांनी बगारामला दामुअण्णांचेच अपत्य मानले. अत्रे स्वतः इतके प्रसिद्ध होते की त्यांचे नाव झाकले जाणे शक्य नव्हते; त्यांनी पुढे स्वतःची चित्रपटसंस्था काढली, 'श्यामची आई' (१९५३) ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवले, 'नवयुग' साप्ताहिक आणि 'मराठा' दैनिक चालवले. परंतु त्यांचे उदाहरण नियम म्हणून घेता येत नाही. त्यांना लेखक म्हणून जे स्थान मिळाले ते पडद्याने दिलेले नव्हते; ते स्थान घेऊनच ते पडद्याकडे आले होते.

चिंतामण विनायक जोशी यांची गोष्ट अधिक प्रातिनिधिक आहे. बडोद्यात पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाने चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी कथांमधून जन्माला घातली. मास्टर विनायकांनी या कथांवरून 'लग्न पहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) हे चित्रपट केले, त्यांत दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी गाजली, आणि चिं. वि. जोशी मात्र बडोद्यातील आपल्या अध्यापनात आणि लेखनातच राहिले. मध्यमवर्गीय गृहस्थाची फजिती सांगणारी त्यांची शैली छापील पानावर निवेदनाच्या सुरावर उभी असते. चिमणराव स्वतःच आपली फजिती अत्यंत गंभीरपणे सांगत असल्यामुळे वाचक हसतो. पडद्यावर निवेदक नाहीसा होतो आणि फजिती तेवढी उरते. छापील विनोदाचे पडद्यावर रूपांतर करताना होणारे हे नुकसान भरून काढण्याचे काम पटकथाकाराचे असते, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पडद्यावरच घडलेला पहिला मोठा मराठी लेखक म्हणून ग. दि. माडगूळकर यांचे नाव घ्यावे लागते. 'ब्रह्मचारी'मध्ये एका लहानशा भूमिकेत उभे राहिलेले आणि खांडेकरांचे लेखनिक म्हणून काम केलेले माडगूळकर स्टुडिओच्या आवारातच हे काम शिकले. लेखनिक म्हणजे लेखकाने तोंडी सांगितलेला मजकूर उतरवून घेणारा मदतनीस; पटकथालेखनाचे शिक्षण देणारी कोणतीही संस्था नसलेल्या काळात हीच उमेदवारी होती. गीतकार म्हणून त्यांची कीर्ती एवढी मोठी झाली की त्यांनी लिहिलेल्या पटकथा तिच्या सावलीत गेल्या, तरी १९५२ साली राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेले 'पेडगावचे शहाणे' आणि 'लाखाची गोष्ट' हे चित्रपट पाहिले की शब्दांच्या आतषबाजीखेरीज हास्य कसे निर्माण करता येते ते कळते. ठरावीक मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवायचे, ही 'लाखाची गोष्ट'मधील अट मुळात गणिती आहे. पैसा नसलेल्या माणसाला तो संपवता येत नाही, या विसंगतीतून सगळी धावपळ निघते. 'पेडगावचे शहाणे'ची हिंदी आवृत्तीही लगोलग झाली. माडगूळकर, परांजपे आणि संगीतकार सुधीर फडके यांचे त्रिकूट म्हणजे त्या काळातील एक फिरता स्टुडिओच होता, आणि अशा स्थिर मैत्रीत लेखकाला जो निश्चिंतपणा मिळतो तो सुट्या करारात मिळत नाही.

पु. ल. देशपांडे यांनी हाच पेशा पूर्ण वेळ करून पाहिला आणि सोडला. १९४० च्या दशकाच्या अखेरपासून पुढील पाचसहा वर्षांत त्यांनी अभिनय, गायन, संगीत, पटकथा आणि संवाद ही सारी कामे केली. गोगोलच्या नाटकावरून केलेला 'अंमलदार' आणि कथेपासून दिग्दर्शनापर्यंत व प्रमुख भूमिकेपर्यंत जवळजवळ सगळे स्वतःच सांभाळलेला 'गुळाचा गणपती' हे दोन्ही चित्रपट १९५३ चे. त्यानंतर ते चित्रपटातून बाहेर पडले आणि १९५५ मध्ये आकाशवाणीत रुजू झाले. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या निर्मात्यांमध्ये ते होते, म्हणजे भारतीय छोट्या पडद्याच्या पाळण्याशी एक मराठी विनोदकार उभा होता. तरीही त्यांचा सर्वांत टिकलेला विनोद पडद्यासाठी लिहिलेला नाही. तो 'बटाट्याची चाळ' आणि 'व्यक्ती आणि वल्ली'सारख्या पुस्तकांत आणि एकपात्री प्रयोगांत आहे, जेथे लेखक आणि नट एकच असल्यामुळे मध्ये कोणीही येत नाही. पुलंनी चित्रपट का सोडला याची कारणे अनेक दिली जातात, परंतु त्यांच्या पुढील कामाची दिशा पाहिली तर शब्दावर स्वतःचा ताबा ठेवण्याची ओढ तिच्यात स्पष्ट दिसते.

आकाशवाणीचा उल्लेख येथे आणखी एका कारणासाठी करावा लागतो. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पात्रांना घेऊन नवा विनोद पुरवण्याची सवय मराठी लेखकाला प्रथम नभोवाणीने लावली. मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' या कौटुंबिक श्रुतिकामालेत टेकाडे भावजी आणि नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी यांनी घराघरांत मुक्काम केला. श्रुतिका म्हणजे केवळ ऐकण्यासाठी लिहिलेली नाटिका. तिच्यात चेहरा नसल्यामुळे हशा शब्दाला आणि आवाजाच्या लयीला मिळवावा लागतो. फार्सकार बबन प्रभू हेही नभोवाणीत नोकरी करीत, आणि 'झोपी गेलेला जागा झाला', 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' यांसारखे फार्स लिहून त्यांनी आत्माराम भेंडे यांच्या साथीने मराठी रंगभूमीवर या प्रकाराला वेगळी ओळख दिली. सरकारी खात्यातील मासिक वेतन आणि बाहेर फार्स, ही त्यांची विभागणी त्या पिढीची सर्वसाधारण विभागणी होती.

वसंत सबनीस यांच्या कारकिर्दीत या सगळ्या वाटा एकत्र येतात, म्हणून येथे थोडे रेंगाळणे योग्य ठरेल. तमाशातील बतावणी आणि वग यांना नागर लेखकाच्या शिस्तीत बसवणारे त्यांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य १९६५ साली रंगमंचावर आले आणि सेवादलाच्या कलापथकातून पुढे आलेल्या दादा कोंडके यांना त्याने महाराष्ट्राचा लाडका सोंगाड्या बनवले. लोकनाट्य म्हणजे तमाशाचा साचा घेऊन लिखित संहितेवर उभे केलेले आधुनिक नाटक. संहिता लिखित असली तरी तिच्यात मोकळ्या जागा मुद्दाम ठेवलेल्या असतात, आणि त्या जागी नट त्या दिवशीच्या घडामोडींवर पदरचे बोलतो. रंगभूमीवर याला ॲडिशन घेणे म्हणतात. कोंडके या ॲडिशनचे बादशहा होते. परिणामी प्रयोगागणिक 'विच्छा' बदलत गेले, आणि त्यातील कोणता हशा सबनिसांचा व कोणता कोंडक्यांचा याचा हिशेब करणे अशक्य झाले. लेखकाच्या दृष्टीने पाहता ही हानी वाटेल. परंतु नटाला कोठे मोकळे सोडायचे आणि कोठे कथानकाच्या दावणीला बांधायचे हे ठरवणे हेही लेखनच आहे, आणि मोकळी जागा जर चुकीच्या ठिकाणी ठेवली तर कितीही हजरजबाबी नट तेथे काही उगवू शकत नाही. १९७१ मध्ये कोंडके निर्मित आणि गोविंद कुलकर्णी दिग्दर्शित 'सोंगाड्या' हा चित्रपट सबनिसांनीच लिहिला. तमाशाच्या वेडापायी घरातून हाकलला गेलेला आईवेडा नाम्या या चित्रपटाने कोंडक्यांना दिला, आणि नाडी लोंबणारी अर्धी विजार घालणारी ती प्रतिमा त्यांनी पुढे अनेक चित्रपटांत चालवली. त्यांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव, म्हणजे पंचवीस आठवड्यांचा मुक्काम, साजरे केल्याची नोंद गिनीज बुकात आहे. ती नोंद नटाच्या आणि निर्मात्याच्या नावावर आहे, हे वेगळे सांगायला नको.

कोंडक्यांच्या नंतरच्या चित्रपटांतील द्व्यर्थी संवादांविषयी बरेच नाक मुरडले गेले. लेखनाच्या अंगाने पाहिले तर द्व्यर्थी वाक्य हे कसबाचे काम आहे, कारण त्याचा सरळ अर्थ प्रसंगात पूर्णपणे बसावा लागतो, अन्यथा सेन्सॉरही सोडत नाही आणि हशाही येत नाही. मात्र एकच कसब सतत वापरले की प्रसंगाची बांधणी आळसावते, आणि ते येथे घडले.

सबनिसांनीच पुढे १९८८ मध्ये सचिन पिळगावकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' लिहिला. या चित्रपटाची वंशावळ लांब आहे: शैलेश दे यांच्या बंगाली 'जय मा काली बोर्डिंग'वरून हृषीकेश मुखर्जी यांनी १९६६ मध्ये 'बीवी और मकान' हा हिंदी चित्रपट केला आणि त्यावरून हा मराठी चित्रपट आला. जागेच्या टंचाईमुळे मित्रांपैकी कोणाला तरी बायकोचे सोंग घ्यावे लागते, एवढा सांगाडा तिन्ही ठिकाणी समान आहे. हिंदी चित्रपट आज जाणकारांपलीकडे फारसा कोणाला आठवत नाही, तर मराठी चित्रपटातील वाक्ये तो पाहिला नसलेल्या पिढीच्याही तोंडी आहेत. हा फरक कथेचा असू शकत नाही, कारण कथा तीच आहे. तो संवादांचा आणि नटसंचाचा आहे. पुण्यातील घरमालकीण, भाडेकरूंवरची तिची नजर, तुटपुंज्या पगारातील उधारी, मधुमेहाच्या औषधाचे निमित्त, हे सारे तपशील सबनिसांनी इतके बारकाईने रोवले आहेत की मूळ गोष्ट परप्रांतातून आली हे सांगितल्याशिवाय कळत नाही. पुरुषाने स्त्रीवेष घेण्याचा खेळ तर मराठी प्रेक्षकाला गौळणीतील मावशीपासून ठाऊक होता आणि इंग्रजी 'चार्लीज आंट'वरून अत्र्यांनी केलेल्या 'मोरूची मावशी'ने तो नाटकात पक्का केला होता. देवलांची शाळा बंद पडली नव्हती ती अशी. त्याच दशकात महेश कोठारे यांनी दक्षिणेतील आणि हिंदीतील गाजलेल्या कथेवरून 'धुमधडाका' (१९८५) केला. त्याच्या लेखनाशी अण्णासाहेब देऊळगावकर यांचे नाव निगडित आहे. या लाटेत अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या तारखा मिळाल्यावर मग कथा शोधण्याची पद्धत रूढ झाली, आणि लेखकाला वेळ कमी व मर्यादा जास्त, अशी स्थिती आली. त्या काळातील बरेच चित्रपट विसरले गेले ते उगीच नव्हे.

छोट्या पडद्याकडे वळताना काळ थोडा मागे न्यावा लागतो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. विनायक चासकर यांची निर्मिती असलेल्या 'गजरा' या कार्यक्रमात लहान प्रहसने, म्हणजे आठदहा मिनिटांत आटोपणारी विनोदी नाट्यरूपे, सादर होत आणि तेथे नवख्या लेखकांना आणि नटांना पहिली संधी मिळे. याच केंद्राने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवर मालिका केली. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ यांनी पस्तीसएक वर्षांपूर्वीच्या चित्रपटजोडीला मागे टाकले. हिंदीत प्रायोजित मालिकांचे युग १९८४ मध्ये आले, आणि 'ये जो है ज़िंदगी' या पहिल्या गाजलेल्या विनोदी मालिकेसाठी शरद जोशी या हिंदी व्यंगलेखकाला बोलावण्यात आले. म्हणजे तेथेही लेखक छापील स्तंभातूनच आला. त्याच सुमारास सई परांजपे यांनी 'अडोस पडोस' ही मालिका केली. पुणे आकाशवाणीवर निवेदिका आणि दिल्ली दूरदर्शनवर निर्माती म्हणून उमेदवारी केलेल्या सईंनी 'चश्मेबद्दूर' (१९८१) आणि शं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून 'कथा' (१९८३) हे हिंदी चित्रपट लिहिले आणि दिग्दर्शित केले. मुंबईच्या चाळीत घडणाऱ्या 'कथा'मध्ये ससा जिंकतो, कासव हरते आणि प्रेक्षक हसता हसता थोडा अस्वस्थ होतो. विनोदी पटकथालेखनात स्त्रियांची नावे फार काळ एकदोनच्या पुढे गेली नाहीत. सईंनंतर मधुगंधा कुलकर्णी आणि इरावती कर्णिक यांच्यापर्यंत येण्यास तीसएक वर्षे जावी लागली, याचे कारण स्त्रियांना विनोद जमत नाही या जुनाट समजुतीत जेवढे आहे तेवढेच कलापथक, वाद्यवृंद आणि नाटकाचे दौरे या पुरुषी उमेदवारीच्या जागांत आहे.

१९९९ मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली आणि या पेशाचे अर्थशास्त्र बदलले. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची मालिका म्हणजे मोठे काम मानले जाई; उपग्रह वाहिनीला मजकूर रोज हवा होता. येथे प्रथमच केवळ लिहून घर चालवणे शक्य झाले, कारण मोबदला भागागणिक मिळू लागला. सोबत नवी कामविभागणी आली: वर्षभराच्या कथानकाची दिशा ठरवणारा एक, दृश्यांचा क्रम लावून पटकथा करणारा दुसरा आणि संवाद लिहिणारा तिसरा, आणि या तिघांच्या वर 'वन लाइन', म्हणजे भागाचा काही ओळींतील गोषवारा, मंजूर करणारी वाहिनी. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही २००१ पासून चाललेली मालिका या घाईला अपवाद ठरली. प्रभावळकरांनी 'लोकसत्ता'त लिहिलेल्या 'अनुदिनी' या सदरावर ती आधारलेली होती, केदार शिंदे यांनी ती दिग्दर्शित केली, आणि तिच्यातील आबा स्वतः प्रभावळकर होते. तीन पिढ्यांच्या घरात रोज घडणाऱ्या क्षुल्लक गोष्टींची नोंद, एवढाच तिचा ऐवज होता, आणि छापील सदराचा संथ सूर पडद्यावर टिकवून धरणे हे चिं. वि. जोशींच्या चित्रपटांना न साधलेले काम तिने साधले.

पुढे प्रहसनांचे दिवस परत आले. फक्त त्यांना आता 'स्किट' म्हणू लागले. 'फू बाई फू', २०१४ ते २०२४ या काळात चाललेले 'चला हवा येऊ द्या' आणि सोनी मराठीवर २०१८ पासून गाजलेली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' यांनी लेखकाकडून मागणी केली ती संख्येची. आठवड्याला दोन भाग आणि प्रत्येक भागात तीन स्किटे एवढे धरले तरी वर्षाला तीनशेहून अधिक स्किटे होतात. तितक्या कल्पना कोणत्याही एका डोक्यात मावत नाहीत. अमेरिकेत नभोवाणीच्या काळापासून विनोदी नट आपल्याभोवती लेखकांचा ताफा बाळगत आणि तोच पुढे दूरचित्रवाणीतील लेखकांच्या सामाईक खोलीत स्थिरावला. मराठीत ती पद्धत कधीच नीट रुजली नव्हती. येथे तिची जागा नटानेच लेखक होण्याने भरून काढली. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांच्या 'हास्यजत्रे'त समीर चौघुले आणि प्रसाद खांडेकर हे आपली स्किटे स्वतः लिहितात आणि स्वतः उभी करतात, आणि निलेश साबळे 'हवा'चे लेखन, दिग्दर्शन आणि सूत्रसंचालन एकटेच सांभाळत. यांतील पुष्कळ मंडळी पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांच्या मांडवाखालून आलेली असल्यामुळे चाळीसएक मिनिटांत पडदा पाडण्याची शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. 'हवा'मध्ये अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे मात्र वेगळी. पोस्टमनच्या वेषातील सागर कारंडे ती वाचत आणि हसून दमलेला प्रेक्षक गप्प होई. एका विनोदी कार्यक्रमात केवळ लेखक म्हणून जगतापांचे नाव लोकांना पाठ झाले ते हसवण्यामुळे नव्हे, ही नोंद येथे करून ठेवावीशी वाटते.

नावाचा प्रश्न हक्काच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. हिंदीत सलीम-जावेद या पटकथाकार जोडीने 'ज़ंजीर'च्या (१९७३) भित्तिपत्रकांवर स्वतःची नावे रंगवून घेतली, ही गोष्ट लेखकांच्या वर्तुळात दंतकथेसारखी सांगितली जाते. मराठीत त्याचा कोणी कित्ता गिरवला नाही, कारण भित्तिपत्रकावरील जागा आधीच नटाच्या चेहऱ्याने भरलेली होती. मुंबईतील चित्रपट-लेखकांची संघटना पन्नासच्या दशकात उभी राहिली आणि १९६० मध्ये कामगार संघटना म्हणून नोंदली गेली. लेखकाने आपल्या पानांवर तारखेसह तिचा शिक्का घेऊन ठेवायचा, म्हणजे पुढे कोणी कल्पना उचलली तर कोणाचे लेखन आधीचे हे दाखवता येते, अशी तिची नोंदणीची पद्धत आहे. विनोदाच्या बाबतीत ही पद्धत तोकडी पडते, कारण उचलला जातो तो एखादा प्रसंग, एखादी लकब किंवा एक वाक्य, आणि कल्पनेवर कायदा मालकी मानत नाही. मालकी असते ती तिच्या लिखित रूपावर. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीत-संगीताच्या एका खटल्यात निर्मात्याच्या बाजूने कौल दिल्यानंतर सर्व हक्क एकरकमी लिहून देणारे करार सर्वत्र रूढ राहिले. २०१२ च्या कॉपीराइट सुधारणा कायद्याने हे चित्र बदलले: चित्रपटात समाविष्ट झालेले लेखन चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे दूरचित्रवाणीवर किंवा अन्य माध्यमांत वापरले गेले तर मिळणाऱ्या स्वामित्वधनातील आपला समान वाटा लेखकाला आता निर्मात्याच्या नावे करून टाकता येत नाही, तो वारसांकडे किंवा हक्कसंस्थेकडेच जाऊ शकतो. 'अशी ही बनवाबनवी' दूरचित्रवाणीवर किती वेळा दाखवला गेला असेल याची मोजदाद अवघड आहे. तो लिहिणारे वसंत सबनीस २००२ मध्ये, म्हणजे ही तरतूद येण्याच्या दहा वर्षे आधी, निवर्तले.